बिनखिडकीचं पार्लर

आमच्या पार्लरला खिडकी नव्हती. ती का नव्हती हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

१९९९ साली मी गोंदियात गाळा शोधत फिरत होते. बाजाराच्या मागच्या गल्लीतला एक गाळा घरमालकानं जरा संकोचूनच दाखवला. पुढे शटर, आत लांबट खोली आणि मागे सरळ विटांची भिंत.

"हवा येणार नाही," तो म्हणाला.

"नजर पण येणार नाही. चालेल," मी म्हटलं आणि त्याच दिवशी किल्ली घेतली.

त्या काळात आमच्याकडे लेडीज पार्लर पडद्याच्या जोरावर चालायचं. दाराच्या काचेला काळी फिल्म, तिच्या आत जाड पडदा, आणि पडद्याच्या आत आणखी एक पडदा. बाया गल्लीच्या तोंडाशी थांबून मागे-पुढे बघायच्या आणि पटकन आत शिरायच्या. भुवया करून घेतल्यावर घरी विचारलंच कुणी, तर "माझ्या जन्मापासून अशाच आहेत" म्हणायचं, हे इथूनच ठरवून जायच्या. खिडकी असलेल्या पार्लरमध्ये त्यांनी पाऊल ठेवलं नसतं.

केस कापून झाले की बाई आरशात बघायची नाही, आधी जमिनीकडे बघायची. कापलेले केस पुडीत बांधून तिच्या हातात द्यावे लागायचे. आपले केस कुणाच्या हाती लागले तर तो त्यांचं काय करील याचा नेम नाही, ही भीती शिकलेल्या बायांनाही होती, फक्त त्या ती हसत हसत सांगायच्या. मी कुणाशी वाद घातला नाही. वर्तमानपत्राचे चौकोन कापून खणात तयार ठेवले. दरेकशाहून गाडीनं येणारी एक बाई होती. खुर्चीच्या चाकात अडकलेला एक केस तिला दिसला. तो निघेपर्यंत ती हलली नाही आणि तिची परतीची गाडी गेली. मग ती माझ्याच बाकावर पुढच्या गाडीची वाट बघत बसली, पुडी पदराला गाठ मारून.

संशयाच्या बाबतीत मीही कमी नव्हते. कोणतंही नवं क्रीम आधी माझ्या कोपराच्या आत लागायचं, मग गिऱ्हाइकाला. टॉवेल रंगावरून वेगळे, कात्र्या खणांवर नावं लावून, फेशियलचा वाडगा मेंदीला वापरायचा नाही म्हणजे नाही. घरी मला सगळे 'इन्स्पेक्टर' म्हणतात. मी ते कौतुक समजून घेते.

विटांच्या भिंतीपलीकडे खेमचंदभाऊंची मसाला चक्की होती. हळद, धणे आणि मुख्य म्हणजे मिरची. उन्हाळा लागला की गावोगावच्या बाया वर्षाची मिरची दळायला आणतात, आणि लग्नसराईही तेव्हाच असते. म्हणजे भिंतीच्या त्या बाजूला मिरच्या आणि या बाजूला नवऱ्या मुली, दोन्हींची गर्दी एकाच वेळी. भिंतीला वरच्या कोपऱ्यात एक फट होती. तिच्यातून मिरचीचा खकाणा आत यायचा. ओल्या मेंदीचे हात वर धरून नवऱ्या शिंकायच्या. "पाठवणीचं रडू इथंच उरकून घ्या," असं मी त्यांना सांगायची. इतकी वर्षं आम्ही त्या खकाण्यासोबत काढली आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही. पुढे घोटाळा झाला तो यामुळेच.

शीतल माझ्याकडे आली तेव्हा नुकती बारावी झाली होती. मुर्रीहून सायकलनं यायची. तिच्या हाताला कंप नव्हता. या धंद्यात बाकी सगळं शिकवता येतं, एवढं एकच शिकवता येत नाही. भुवईचा दोरा असो नाहीतर केस सरळ करायचं तापलेलं मशीन, तिच्या हाती दिलं की मी निर्धास्त पाठ फिरवू शकायची. मी पाठ फिरवते अशी माणसं माझ्या आयुष्यात फार नाहीत.

२०१३-१४च्या सुमारास केराटिन आलं. ते नागपूरहून पंकज घेऊन आला. कंपनीचा माल विकणारा तिशीतला माणूस, खांद्यापर्यंत केस, रेशमासारखे सरळ. स्वतःचं डोकं हीच त्याची जाहिरात.

"मॅडम, ये स्ट्रेटनिंग नहीं है. ही ट्रीटमेंट आहे. प्रोटीन. केसांचं जेवण समजा."

"यात केमिकल कोणतं आहे?"

"केमिकल नाहीच मॅडम. झिरो."

"पाणीसुद्धा केमिकल असतं, बाबा."

तो हसला. माल विकणारा माणूस प्रश्नावर हसला की मी पर्स घट्ट धरते. बाटलीवरची अक्षरं इतकी बारीक होती की ती वाचू नयेत अशीच छापलेली वाटली. मी ती भिंगातून वाचली. फॉर्मल्डिहाइड नाही, असं इंग्रजीत ठळक लिहिलं होतं, आणि तेवढं एकच वाक्य ठळक होतं. जे नाही ते एवढ्या मोठ्यानं का सांगावं, हे मला तेव्हाच खटकलं. पण कोपराच्या आत लावून पाहिलं तर काही झालं नाही. नागपूरला ट्रेनिंगला गेले, तिथेही काही वावगं दिसलं नाही. हॉटेलचा मोठा हॉल, चारी दारं उघडी, वर पंखे गरगरत होते. ती दारं तेव्हा माझ्या डोक्यात राहिली नाहीत.

ज्यांनी हे करून घेतलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आधी केस असे धुवायचे की त्यांच्यावर तेलाचा अंशही राहू नये. मग बट-बट वेगळी करून ब्रशनं ते क्रीम लावायचं. थोडा वेळ मुरू द्यायचं, वाळवायचं, आणि मग तापलेल्या मशीनच्या दोन पट्ट्यांत एकेक पातळ बट धरून वरून खाली ओढायची, पुन्हा पुन्हा. प्रत्येक ओढीला धूर निघतो. डोकं दाट असेल तर अर्धा दिवस जातो, आणि मशीन धरणाऱ्या बाईचं तोंड सगळा वेळ त्या धुरावरच असतं. त्यानंतर तीन दिवस केसांना पाणी नाही, पिन नाही, रबर नाही, कानामागे घेणंसुद्धा नाही, नाहीतर तिथे कायमची मोड पडते.

ते तीन दिवस लोकांनी कसे काढले त्यावर वेगळा लेख होईल. बँकेतल्या एका बाईंनी चष्म्याच्या काड्यांनी केस दबतील म्हणून चष्मा हातात धरून नोटा मोजल्या. आमच्या जिल्ह्यातल्या गोरेगावची एक मुलगी एसटीत डोक्यावर घागर असल्यासारखी ताठ बसून गेली, शेजारणीला डुलकी लागून तिचं डोकं खांद्यावर आलं तर ती उभी राहिली. नवऱ्या मुलींच्या बाबतीत मी एकच नियम केला, हळदीच्या आधी केराटिन नाही. अंगाला हळद आणि डोक्याला तेल चढवणाऱ्या काकू-माम्या कंपनीच्या सूचना ऐकत नसतात.

पण काम झालं की झालं. पिंजलेल्या कापसासारखे केस घेऊन आलेली बाई उठायची तेव्हा तिच्या पाठीवर पाणी ओतल्यासारखे केस पडायचे. शीतल मशीन खाली ठेवून दोन पावलं मागे सरायची आणि बघत राहायची. गिऱ्हाइकांचं नागपूरला जाणं थांबलं. मी एसी बसवला. एसीमुळे दार घट्ट बंद करणं आलं.

त्या उन्हाळ्यात सगळ्यांचे डोळे चुरचुरायला लागले. नेहमीच्या शिंका नव्हेत. डोळ्यांतून पाणी, घशात खवखव, बाहेर गेल्यावरही न जाणारी. मी सरळ चक्कीवर गेले.

"खेमचंदभाऊ, तुमच्या मिरचीनं माझी गिऱ्हाइकं पळायला लागली."

खेमचंदभाऊ डोक्यापासून पायापर्यंत हळदीनं पिवळे होते. ते म्हणाले, "मॅडमजी, मैं तो खुद आपके पास आनेवाला था. मेरे गरम मसाले में अस्पताल की बास आ रही है. दो घर से डब्बा वापस आया."

"अस्पताल की? माझ्याकडे कुठलं अस्पताल?"

"वो आप जानो. अंदर क्या पकाती हो, किसने देखा? खिड़की तो है नहीं."

मला वाटलं, चोराच्या उलट्या बोंबा मारतोय. मी गवंडी बोलावून माझ्या बाजूनं ती फट सिमेंटनं बुजवली. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून थापीचा आवाज आला. खेमचंदभाऊ त्यांच्या बाजूनं बुजवत होते. दोघांनी मिळून असा पक्का बंदोबस्त केला की वाऱ्यालाही वाट राहिली नाही.

त्यानंतर शीतलचा खोकला वाढला.

तिचं लग्न जमत आलं होतं. गोरेगावचं घर, धानाची शेती, मुलगा पंचायत समितीत नोकरीला. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, मी मुर्रीला गेले होते. मुलाची आई पारबताबाई, पन्नाशीची, उंच, काटक. तिनं पाटावर बसलेल्या शीतलकडे पाहिलं, तेवढ्यात शीतलला उबळ आली. आदल्या दिवशी आमच्याकडे दोन केराटिन झाली होती.

"ही पोरगी काऊन खोकलून राहिली?" पारबताबाईंनी विचारलं.

शीतलची आई घाईनं म्हणाली, "मिरची जी. पार्लरच्या बाजूले चक्की आहे न."

"मंग इथं मुर्रीत कोनती चक्की आहे?"

शीतलच्या आईनं पोह्यांची बशी पुढे सरकवली. कार्यक्रम पार पडला, पण तारीख ठरली नाही. चार दिवसांत मध्यस्थाकडून निरोप आला की मुलीला टीबी नाही याची खात्री करा.

खात्री केली. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. दोन्ही साफ. मध्यस्थ ते कागद घेऊन गोरेगावला गेला आणि पारबताबाईंचं उत्तर घेऊन आला. "कागद कोनीबी लिहून देते. हा खोकला कायचा, ते दाखवा म्हना."

उत्तर उर्मट होतं, पण खरं सांगते, मी तिच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

मुर्रीत मात्र तोवर बोभाटा झाला होता. टीबी झालेली मुलगी, हे एकदा चिकटलं की पुढची चार स्थळं दारातून परत जातात. शीतलच्या काकूनं तिचा पेला वेगळा काढून ठेवला. शीतलनं ते मला पाण्याची बाटली भरता भरता सांगितलं. तेव्हापासून ती स्वतःची बाटली सोबत ठेवायची आणि पार्लरच्या माठातलंही पाणी घ्यायची नाही.

"मॅडम, मले खरंच असन का जी काही? रिपोर्ट त चुकत नाही न?"

"चुकत नाही."

"मंग खोकला कायले जात नाही?"

मी तिला सुट्टी घे म्हटलं. ती म्हणाली, "घरी बसली त सगळे म्हनतीन, पाहा, कामावरून काढली." ते बरोबर होतं. मी तिला मशीनवरून काढून मेंदी आणि भुवयांवर बसवलं, पण काम त्याच बंद खोलीत होतं.

मी संशयितांची उजळणी केली. मिरची, एसी, नवा शाम्पू, बाटली. पंकजला फोन केला. मी पुढे काही बोलायच्या आत तो म्हणाला, "मॅडम, आपके बाजू में चक्की है ना? वही है. माझ्या बाकीच्या कुठल्या पार्लरची तक्रार नाही." चक्कीबद्दल मी त्याला कधी एक शब्द सांगितला नव्हता. पहिल्या भेटीतच त्यानं ती हेरून ठेवली होती. विक्रेत्याला तक्रारीचं उत्तर तक्रारीच्या आधीच तयार लागतं, ही अक्कल मला त्या फोननं दिली. पण त्याच्याविरुद्ध माझ्या हाती काही नव्हतं. चक्की तर रोज चालू होतीच.

आणि मग ती बंद पडली. मोटर जळाली. खेमचंदभाऊ तिची तार नव्यानं गुंडाळायला देऊन ओट्यावर नुसते बसून होते. गल्लीत इतकी शांतता मी पहिल्यांदा ऐकली. मिरचीचा कणही हवेत नव्हता. आमच्याकडे त्या दिवशी एका शिक्षिकेचं केराटिन ठरलेलं होतं. शीतलला मी भाजी आणायच्या निमित्तानं बाहेर पाठवलं आणि मशीन स्वतः धरलं.

दहा-बारा बटा झाल्या असतील. शिक्षिकाबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. माझा घसा आतून सोलल्यासारखा झाला. मशीन खाली ठेवून मी पहिल्यांदा त्या धुराचा नीट वास घेतला. वास ओळखीचा होता, पण पार्लरचा नव्हता. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला होता. कपाटावर बरणीत बेडूक ठेवलेले असायचे, आणि झाकण उघडलं की असाच डोळ्यांत घुसणारा वास यायचा. फॉर्मॅलिन. खेमचंदभाऊंचं अस्पताल ते हेच. त्यांचं नाक खरं सांगत होतं आणि मी त्यांना बोंबा मारणारा चोर समजत होते.

उरलेलं काम मी शटर पूर्ण वर करून, पडदे बाजूला सारून संपवलं. शिक्षिकाबाई गल्लीकडे पाठ करून, डोक्यावर ओढणी घेऊन बसल्या. संध्याकाळी मुलाच्या कॉम्प्युटरवर वाचत बसले. फॉर्मॅलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेलं फॉर्मल्डिहाइडच. बाटलीवर ते 'नाही' असं छापलेलं असलं तरी दुसऱ्या नावाचं द्रव्य आत असू शकतं, आणि मशीनची उष्णता लागली की त्यातून तोच वायू सुटतो. थंड क्रीम माझ्या कोपराला काय करणार होतं?

मला पटलं होतं. पण पारबताबाईंना मी काय पाठवणार, आणखी एक कागद?

मी दोन फोन केले. पंकजला म्हटलं, मोठी ऑर्डर आहे, सोमवारी या. सोमवारी आमचं पार्लर बंद असतं. पारबताबाईंना म्हटलं, "खोकला कशाचा ते बघायचंय ना? सोमवारी या."

त्या एसटीनं आल्या, हातात पिशवी. चक्कीची मोटर तोवर यायची होती. शीतलला मी चक्कीच्या ओट्यावर खेमचंदभाऊंच्या रिकाम्या पोत्यांवर बसवून ठेवलं होतं. पारबताबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि आत आल्या. आत पंकज बसलेला.

"हा गडी मानूस बायांच्या दुकानात कायले?"

"त्याचे केस करायचेत."

पारबताबाईंनी पंकजच्या खांद्यापर्यंतच्या केसांकडे असं पाहिलं की तो स्वतःच बोलला, "आंटी, माझे केस आधीच केलेले आहेत."

"मग एका बटेनं काय होतं?" मी म्हटलं. "नव्या ऑर्डरच्या आधी मला माल पुन्हा बघायचाय. तुमच्याच बाटलीतला, तुमच्याच डोक्यावर. बसा."

तो नाइलाजानं बसला. मी दार लावलं, दोन्ही पडदे ओढले, एसी चालू केला, रोज असतं तसं. त्याच्या डोक्याचा मागचा भाग धुतला, क्रीम लावलं, मुरू दिलं, वाळवलं. पारबताबाई बाकावर ताठ बसून माझ्या हाताकडे बघत होत्या, मी काही लपवते की काय म्हणून. मशीन तापलं. पहिली बट ओढली.

पहिला धूर वर गेला. तिसऱ्या-चौथ्या बटेला पंकजनं डोळे मिटले. त्यानंतर पारबताबाईंनी पदर नाकाला लावला. मी ओढत राहिले. माझ्याही डोळ्यांतून धार लागली होती.

"मॅडम," पंकज खाकरत म्हणाला, "ये मिरची..." आणि त्याला खोकल्याची उबळ आली.

बाहेरून काळ्या काचेवर टकटक झाली. पडद्यामागून खेमचंदभाऊंचा आवाज आला, "मॅडमजी, सब ठीक? अंदर कौन इतना खाँस रहा?"

मी ओरडून विचारलं, "भाऊ, तुमची चक्की चालू आहे का?"

"मज़ाक मत करो मॅडमजी! मोटर जली पड़ी है, धंदा चौपट है, और आप पूछती हो चालू है क्या!"

पारबताबाईंनाही आता खोकला आवरत नव्हता. त्या उठल्या, डोळे पुसत पंकजच्या खुर्चीपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय रे बापू, तुले बी टीबी झाला का?"

मी दार उघडलं. आम्ही तिघं बाहेर आलो. पंकज गल्लीच्या भिंतीला धरून उभा राहिला, मागचे अर्धे केस मशीनखालून गेलेले, अर्धे क्रीमनं ताठ. पारबताबाई खोकत खोकत चक्कीच्या ओट्यापाशी गेल्या. शीतल पोत्यांवरून उठली. शिक्षिकाबाईंनंतर मी केराटिन घेतलं नव्हतं आणि सकाळपासून ती बाहेरच होती, त्यामुळे एकदाही खोकली नव्हती. तिनं घाईनं आपली बाटली पुढे केली आणि अर्ध्यावरच हात मागे घेतला.

"काकू, थांबा जी, दुसरं पानी आनतो. हे माझं उष्टं आहे."

पारबताबाईंनी ती बाटली तिच्या हातातून ओढून घेतली आणि तोंड लावून प्यायल्या. सगळं पाणी संपवलं, पदरानं तोंड पुसलं, रिकामी बाटली शीतलच्या हातात दिली. मग माझ्याकडे वळल्या.

"बाई, तुमच्या ह्या भुयारात माझी सून उद्यापासून येनार नाही."

सून हा शब्द शीतलनं ऐकला की नाही, मला कळलं नाही. ती बाटलीचं झाकण लावत होती, आणि ते आटे चुकवून पुन्हा पुन्हा लावत होती.

मी केराटिन बंद केलं. उरलेल्या बाटल्या पंकजच्या पिशवीत भरून दिल्या. तो शेवटपर्यंत हेच म्हणत होता की हा एखादा खराब लॉट असेल. असेलही. पण कोणता लॉट खराब आणि कोणता चांगला, हे माझ्या माणसांच्या घशावरून ठरवायला मी तयार नव्हते. माझं बरंच गिऱ्हाईक स्टेशनकडच्या नव्या सलूनला गेलं, तिथे ते मिळत होतं. बँकेतल्या बाईही गेल्या. कधी बाजारात दिसल्या की केस पुढे घेतात आणि ओळख दाखवत नाहीत. मला त्यांचा राग नाही, मी फक्त त्यांचे डोळे लाल आहेत का ते बघते.

भिंतीला मी खिडकी पाडली. ती चक्कीच्याच बाजूला निघणार होती, दुसरी बाजूच नव्हती. खेमचंदभाऊंनी मिरचीचं यंत्र पुढच्या भागात हलवलं, बदल्यात त्यांच्या दोन्ही सुनांच्या भुवया आजन्म फुकट. गिऱ्हाइकांना नजर नको म्हणून खिडकी उंच ठेवली आणि तिला जाळी बसवली. अजूनही उन्हाळ्यात तिच्यातून खकाणा येतो. नवऱ्या शिंकतात. साधी शिंक ऐकली की मला बरं वाटतं.

शीतल गेली याची हळहळ मात्र मला अजून आहे. तिच्यासारखा हात पुन्हा मिळाला नाही. तिच्यानंतर आलेल्या मुलींकडे मी पाठ फिरवत नाही.

लग्नानंतर तिनं गोरेगावात स्वतःचं पार्लर काढलं. मागे एकदा बाजाराच्या दिवशी मी न कळवता गेले. न कळवता गेल्याशिवाय खरं काही दिसत नाही. घराच्या पुढच्या खोलीतच पार्लर, समोरासमोर दोन खिडक्या, मधून वारा आरपार. पडद्याऐवजी बांबूच्या चिकाच्या पट्ट्या, बाहेरचा आत बघू शकत नाही, पण हवा जाते. मी पट्ट्यांना हात लावून पाहिला, खिडक्यांच्या कड्या पाहिल्या, कपाटातल्या बाटल्या झाकणं उघडून हुंगल्या. शीतल हसत होती.

"मॅडम, सगळं पाहून घ्या. सासूबाईनं त तुमच्यापेक्षा जास्त पाहिलं आहे."

दारात पारबताबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. तेवढ्यात मोटारसायकलवरून एक तरुण उतरला, टाय लावलेला, हातात बॅग. नव्या नावाची नवी ट्रीटमेंट. याआधीच्या कुठल्याही ट्रीटमेंटसारखी ती नव्हती, केमिकल झिरो होतं, आणि धूर येतो ती निव्वळ वाफ होती. शीतलनं बाटली घेतली, लेबल वाचलं आणि सासूकडे पाहिलं. पारबताबाईंनी सूप बाजूला ठेवलं, उठल्या, दोन्ही खिडक्यांच्या कड्या लावल्या.

"बस बापू," त्या म्हणाल्या. "आधी तुह्या डोक्यावर दाखव."

तरुण गोंधळला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, बहुधा शिकलेली बाई म्हणून. मी त्याच्यासमोरची खुर्ची ओढून त्याच्या नाकासमोर बसले. शीतलनं त्याच्या मागची एक छोटी बट कापून वेगळी घेतली, तिला त्याच्याच बाटलीतलं क्रीम लावून वाळवलं. मशीन तापलं. बटेचा पहिला धूर निघाला आणि आम्ही तिघींनी एकदमच मान पुढे करून वास घेतला.

तरुणाचे डोळे भरून आले होते, पण तो ते पुसत नव्हता. पुसले की सगळं कळेल, एवढं त्याला समजलं होतं.

पारबताबाईंनी खिडक्या उघडल्या. मग कोनाड्यातून वर्तमानपत्राचा एक चौकोन काढला, त्याची ती कापलेली बट त्यात नीट बांधली आणि पुडी त्याच्या वरच्या खिशात ठेवली.

"घेऊन जा रे बाप्पा, तुहे केस. बाटली बी."